काबुकी रंगभूमीचीं जपानी ठसेचित्रें : एक ऐतिहासिक साधन

काबुकी नांवाच्या जपानी नाट्यप्रकाराचीं जीं रंगीत ठसेचित्रें आज जगांतील मोठमोठ्या संग्रहालयांत पाहावयास मिळतात, त्यांजविषयीं कलेच्या दृष्टीनें पुष्कळ लिहिलें गेलें आहे. प्रस्तुत लेखांत आम्ही त्यांजकडे निराळ्या दृष्टीनें पाहणार आहों. इतिहासाचें साधन या नात्यानें या चित्रांची योग्यता किती, त्यांची साक्ष कोठपर्यंत घ्यावी व कोठें थांबावें, एवढाच प्रश्न येथें विचारार्थ घेतला आहे.

हा प्रश्न आम्हांस कां सुचला हें आरंभींच सांगणें अवश्य आहे, कारण त्याच्या मुळाशीं आमचीच एक चूक आहे. अध्यापनाचें काम करीत असतां आमच्या संग्रहीं असें एक चित्र होतें. कमरेस दोन तलवारी, अंगावर दांतेरी किनारीचा काळा-पांढरा अंगरखा, गंभीर मुद्रा, आणि बाजूच्या चौकटींत नांव. तें नांव 'ओबोशी युरानोसुके' असें आहे, एवढें एका जाणत्या गृहस्थांनीं आम्हांस वाचून दिलें होतें. जपानच्या इतिहासाचा पाठ आला म्हणजे आम्ही तें चित्र फळ्यावर टांगून मुलांस सांगत असूं, कीं आपल्या धन्याच्या मृत्यूचा सूड उगविणाऱ्या सत्तेचाळीस स्वामिनिष्ठ वीरांचा हा पुढारी. अनेक वर्षें हा क्रम चालला. पुढें आम्ही निवृत्त झाल्यावर एका जुन्या विद्यार्थ्यानें पत्रानें विचारिलें, "गुरुजी, या नांवाचा वीर जपानच्या इतिहासांत मला कोठें आढळला नाहीं, मग आपण दाखवीत होतां तें चित्र कोणाचें?" पत्र वाचून आम्हीं तें चित्र पुन्हां बाहेर काढिलें, आणि इतकीं वर्षें आपण तें टांगलें खरें, पण पाहिलें नाहीं, असें आमच्या ध्यानांत आलें.

घटना आणि नाटक

मूळ घटना अशी. १७०१ सालीं एदो येथील किल्ल्यांत आसानो नागानोरी या सरदारानें किरा योशिनाका या दरबारी अधिकाऱ्यावर शस्त्र उगारिलें व त्याबद्दल त्यास त्याच दिवशीं स्वहस्तें प्राणत्याग करावा लागला. त्याचे सेवक निराश्रित झाले. त्यांपैकीं सत्तेचाळीस जणांनीं ओइशी कुरानोसुके याच्या नेतृत्वाखालीं १७०३ च्या आरंभीं किराच्या वाड्यावर रात्रीं चाल करून त्यास ठार मारिलें. पुढें सरकारच्या आज्ञेनें त्यांतील शेहेचाळीस जणांनींहि आत्मबलिदान केलें.

समकालीन क्षत्रिय घराण्यांचीं प्रकरणें रंगभूमीवर आणण्यास तोकुगावा सरकारची मनाई होती. म्हणून १७४८ सालीं ओसाका येथील ताकेमोतो नांवाच्या कळसूत्री बाहुल्यांच्या नाट्यगृहांत या विषयावरचें 'कानादेहोन चूशिंगुरा' हें नाटक झालें, तेव्हां कर्त्यांनीं सर्व कथानक चौदाव्या शतकांत नेऊन ठेविलें व माणसांचीं नांवें बदललीं. किराचा मोरोनाओ झाला, आसानोचा एन्या हांगान झाला, आणि ओइशी कुरानोसुके याचा ओबोशी युरानोसुके झाला. त्याच वर्षीं काबुकी नटांनींहि तें नाटक उचललें. म्हणजे आमच्या चित्रांतील नांव इतिहासांतलें नसून नाटकांतलें होतें. विद्यार्थ्याची शंका बरोबर होती. चित्रांतील पुरुष वीर नव्हे, वीराची भूमिका करणारा नट आहे.

काबुकीचा पूर्ववृत्तान्त

काबुकीचा आरंभ १६०३ सालीं क्योतो येथें कामो नदीच्या कोरड्या पात्रांत ओकुनी नांवाच्या स्त्रीनें केलेल्या नृत्यापासून धरितात. पुढें स्त्रियांच्या अशा मंडळ्या वाढल्या, तेव्हां नीतीच्या कारणास्तव १६२९ सालीं सरकारनें स्त्रियांस रंगभूमीवर येण्याची बंदी केली. त्यांच्या जागीं आलेल्या कोवळ्या मुलांवरहि १६५२ सालीं तशीच बंदी आली. तेव्हांपासून कपाळावरील केंस काढिलेल्या प्रौढ पुरुषांनींच सर्व भूमिका करावयाच्या असा नियम पडला व स्त्रीभूमिका करणारा 'ओन्नागाता' हा नटवर्ग निर्माण झाला. बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) भूमिकांची कीर्ति ज्यांनीं वडीलधाऱ्यांकडून ऐकिली आहे, त्यांस या वर्गाचें महत्त्व अधिक समजावून सांगणें नको.

एदो शहरांत, म्हणजे आजच्या तोकियोंत, परवान्याचीं मोठीं नाट्यगृहें १७१४ पर्यंत चार होतीं. त्या सालीं इकुशिमा नांवाचा नट व सरकारी अंतःपुरांतील एजिमा नांवाची स्त्री यांच्या प्रकरणामुळें यामामुरा हें नाट्यगृह कायमचें बंद झालें व नाकामुरा, इचिमुरा आणि मोरिता हीं तीन उरलीं. यांपैकीं एखादें कर्जबाजारी झालें, तर त्याचा परवाना तात्पुरता दुसऱ्या राखीव मंडळीकडे जाई. ही गोष्ट कालनिर्णयास किती उपयोगी पडते हें पुढें दिसेल.

चित्र कसें तयार होई

या चित्रांस 'उकियो-ए' या व्यापक वर्गांत घालितात. 'उकियो' हा शब्द मूळ बौद्ध भावनेचा असून दुःखमय संसार असा त्याचा अर्थ होता. पुढें त्याच उच्चारास निराळें अक्षर लावून 'तरंगतें जग', म्हणजे चार घटकांच्या सुखाचें जग, असा अर्थ करण्यांत आला. संसाराच्या क्षणिकतेवरून वैराग्याऐवजीं उपभोगाकडे वळलेला हा शब्द त्या नगरवासी समाजाचें मन फार चांगलें दाखवितो.

अशा चित्रास चार जणांचे हात लागत: प्रकाशक, चित्रकार, कोरक्या व छापणारा. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करी. तो कागद चेरीच्या लांकडाच्या फळीवर पालथा चिकटवून कोरक्या रेषा तेवढ्या उंच ठेवी व बाकीचें लांकूड काढून टाकी. यांत मूळ रेखाटन नष्ट होई. या रेषांच्या ठशावरून प्रती काढून प्रत्येक रंगासाठीं निराळा ठसा कोरीत. सर्व रंग आपापल्या जागीं बसावे म्हणून फळीच्या कडेस कागद टेकविण्याच्या खांचा ठेवीत. छापणारा तुतीच्या जातीच्या झाडापासून केलेला कागद फळीवर ठेवून बांबूच्या पानानें मढविलेल्या गोल चकतीनें मागून घांसे. यंत्राचा दाब यांत कोठेंहि नाहीं.

आरंभींचीं नटचित्रें तोरी कियोनोबु (१६६४–१७२९) व त्याच्या घराण्याचीं. हें घराणें नाट्यगृहांच्या दर्शनी पाट्या रंगवी. तीं चित्रें काळ्या रेषांचीं असून रंग हातानें भरलेले असत. १७४० नंतर दोन-तीन रंगांचे ठसे निघाले, आणि १७६५ सालीं सुझुकी हारुनोबुच्या काळांत अनेक रंगांचीं 'निशिकि-ए', म्हणजे जरीच्या वस्त्रासारखीं चित्रें, छापूं लागले. इतके दिवस नटाचा चेहरा सांकेतिक असे. कपड्यावरील चिन्ह पाहून तो ओळखावा लागे. कात्सुकावा शुन्शो व इप्पित्सुसाइ बुन्चो या दोघांनीं १७७० सालीं पंख्यांच्या आकारांत नटांच्या प्रतिमांचें एक पुस्तक काढिलें, त्यांत प्रत्येकाचा चेहरा निराळा ओळखूं येतो. इतिहासाच्या दृष्टीनें हा मोठा पालट होय, कारण येथून पुढें चेहरा हाच पुरावा झाला.

पहिला प्रश्न : हा कोण?

अशा चित्रांत नांवें दोन प्रकारचीं असतात, पात्राचें व नटाचें. त्यांची गल्लत करूं नये. नटाचें नांव मिळालें तरी काम संपत नाहीं, कारण तेथें नांवें घराण्यांत वारशानें चालतात. इचिकावा दांजूरो या नांवाचे नट एकामागून एक झाले: पांचवा १७४१ ते १८०६, सातवा १७९१ ते १८५९, आठवा १८२३ ते १८५४, नववा १८३८ ते १९०३. नुसतें 'बाजीराव' म्हटल्यानें जसा बोध होत नाहीं, पहिला कीं दुसरा हें ठरवावें लागतें, तसेंच येथें आहे. शिवाय एकच नट आयुष्यांत तीन-चार नांवें बदली. शाराकूच्या सुप्रसिद्ध चित्रांतील तिसरा ओतानी ओनिजी हा त्याच वर्षीं, १७९४ सालीं, दुसरा नाकामुरा नाकाझो झाला.

चित्रकारांचीहि तीच गत. १८४४ सालीं कुनिसादा (१७८६–१८६५) यानें आपल्या गुरूचें 'तोयोकुनी' हें नांव घेतलें व स्वतःस दुसरा तोयोकुनी म्हणविलें. परंतु गुरूच्या मृत्यूनंतर दुसऱ्या एका शिष्यानें तें नांव आधींच घेतलेलें असल्यामुळें आज अभ्यासक त्यास तिसरा मानितात. सहीवर विश्वासून असें चित्र पहिल्या तोयोकुनीचें (१७६९–१८२५) समजल्यास निदान एकोणीस वर्षांची चूक होते.

कपड्यावरील चिन्हानें नट ओळखूं येतो हें खरें; एकांत एक असे तीन चौकोन हें दांजूरो घराण्याचें चिन्ह सर्वपरिचित आहे. पण कांहीं भूमिकांना त्यांचें स्वतःचें ठरलेलें चिन्ह असतें. आमच्या चित्रांत बाहीवर दोन वळलेल्या थेंबांचें वर्तुळ आहे. तें युरानोसुकेचें, नटाचें नव्हे. अशा वेळीं चेहराच पाहावा लागतो, व ज्या चित्रांवर नटाचें नांव छापलेलें आहे अशांशीं तो ताडून पाहावा लागतो.

दुसरा प्रश्न : हें केव्हांचें?

येथें सरकारी देखरेखच संशोधकाच्या उपयोगीं पडते. १७९० पासून छापण्यापूर्वीं मसुदा तपासून घेण्याचा नियम झाला व 'किवामे', म्हणजे 'तपासलें', असा एक शिक्का चित्रावर येऊं लागला. तो १८४२ पर्यंत चालला. पुढें १८४७ पर्यंत तपासणाऱ्या नगरमुख्याचा एकच नाममुद्रेचा शिक्का, १८४७ पासून दोघांचे दोन, आणि १८५२ च्या आरंभापासून या दोहोंबरोबर काळाचा तिसरा शिक्का आढळतो. १८५३ च्या अखेरीपासून नाममुद्रा जाऊन 'तपासलें' या अर्थाचा शिक्का व काळाचा शिक्का एवढेच राहतात. म्हणजे अक्षरें वाचतां न आलीं तरी शिक्क्यांची संख्या व आकार पाहूनच चित्राचा काळ थोड्या वर्षांच्या आंत येतो.

काळाच्या शिक्क्यांत वर्षाचा प्राणी व महिन्याचा अंक असतो. बारा प्राण्यांचें हें चक्र साठ वर्षांच्या मोठ्या चक्राचा भाग आहे. प्रभवादि साठ संवत्सरांशीं परिचित असलेल्या आमच्या वाचकांस तें परकें वाटणार नाहीं. महिनेहि आपल्यासारखेच अमान्त व चांद्र, आणि अधिकमासहि आहे. परंतु साम्य पाहून आपलाच नियम तेथें लावूं गेल्यास घात होतो. आपल्याकडे अधिक श्रावण आधीं व निज श्रावण नंतर येतो; जपानांत आधीं नेहमींचा दुसरा महिना व नंतर त्याच अंकाचा अधिक महिना येतो. शिवाय त्यांची सूर्यगणना सायन असल्यामुळें आपल्या पंचांगांतील अधिकमास त्यांच्याकडे त्याच जागीं पडेल असा भरंवसा नाहीं. तसेंच 'तिसरा महिना' म्हणजे मार्च असेंहि समजूं नये. युरोपीय दिनगणना जपाननें १ जानेवारी १८७३ पासून स्वीकारिली.

आमच्या चित्रावर दोन वाटोळ्या नाममुद्रा असून त्यांजवळ लांबट गोल शिक्का आहे, त्यांत 'मूषक, अधिक, दोन' अशीं अक्षरें आहेत. दोन नाममुद्रा व काळाचा शिक्का हा मेळ १८५२ व १८५३ याच वर्षांचा. त्यांत मूषक वर्ष १८५२. आणि त्या वर्षीं दुसरा महिना अधिक होता. म्हणजे मार्चची अखेर व एप्रिल, १८५२. सही 'तोयोकुनी' अशी आहे. पण पहिला तोयोकुनी तेव्हां मरून सत्तावीस वर्षें झालीं होतीं, तेव्हां हात कुनिसादाचा. जें चित्र आम्ही मुलांस १७०३ च्या वीराचें म्हणून दाखवीत होतों, तें त्यानंतर जवळजवळ दीडशें वर्षांनीं निघालेलें होतें.

शिक्क्यांनीं काळ इतका जवळ येत नसेल तेथें नाट्यगृहांचीं खेळपत्रकें व नटांच्या गुणदोषांचीं वार्षिक पुस्तकें यांचा आधार घेतात. शाराकूच्या चित्रांवर वर्ष नाहीं. परंतु नट, भूमिका व नाटक हीं तिन्ही खेळपत्रकांशीं जुळवून पाहतां त्याचीं पहिलीं अठ्ठावीस मोठ्या मुखांचीं चित्रें १७९४ च्या पांचव्या महिन्यांतील तीन नाटकांचीं ठरलीं. तीं नाटकें मियाको, किरी व कावाराझाकी या राखीव मंडळ्यांनीं केलेलीं होतीं, कारण तेव्हां तिन्ही मुख्य नाट्यगृहें बंद पडलेलीं होतीं. हा चित्रकार त्सुताया जूझाबुरो या प्रकाशकासाठीं दहा महिने काम करून १७९५ च्या आरंभीं नाहींसा झाला. १८४४ सालच्या एका टिपणांत तो आवा प्रांताच्या सरदाराचा सेवक व नो-नाट्याचा नट साइतो जूरोबेइ असल्याचें म्हटलें आहे, व आज हेंच मत सामान्यतः ग्राह्य धरितात.

तिसरा प्रश्न : हें घडलें काय?

नट ओळखला, काळ ठरला. तरी चित्रांत दाखविलेला प्रयोग झालाच, असें म्हणतां येत नाहीं. याचीं तीन कारणें आहेत.

पहिलें हें कीं, प्रयोगाच्या गर्दीचा लाभ मिळावा म्हणून प्रकाशक पुष्कळ वेळां चित्र प्रयोगाच्या आधींच तयार करवीत. मागून भूमिका बदलली अथवा नाटक रद्द झालें, तरी चित्र राहतेंच.

दुसरें कारण राजाज्ञा. १८४२ सालीं तेम्पो सुधारणांच्या कडक धोरणांत नाट्यगृहें शहराच्या कडेस आसाकुसा भागांत हलविण्यांत आलीं, चैनीच्या आरोपावरून सातव्या दांजूरोस एदोंतून हद्दपार केलें, आणि नटांचीं चित्रें छापण्यास बंदी झाली. सात-आठ ठशांपेक्षां अधिक रंग नकोत व किंमत सोळा मोनांहून अधिक नको, असेहि निर्बंध आले. चित्रकारांनीं मग पळवाटा काढिल्या. कुनियोशी यानें १८४७ च्या सुमारास कोठाराच्या भिंतीवर कोणी पोरानें खिळ्यानें ओरखडे काढावे तसे चेहरे छापिले. पाहणारे हंसले, कारण प्रत्येक ओरखडा एकेका प्रसिद्ध नटाचा चेहरा होता. हळूहळू नटांचीं चित्रें पुन्हां उघड निघूं लागलीं, तरी नटाचें नांव वगळून पात्राचेंच नांव घालण्याची रीत बरींच वर्षें टिकली. आमच्या चित्रांत एकच नांव होतें त्याचें हेंच कारण. सरकारच्या भीतीनें वगळलेलें नांव आम्हांस दिसलें नाहीं, म्हणून आम्हीं नट नाहींच असें धरून चाललों.

तिसरें कारण कल्पना. १८५२ सालीं कुनिसादानें तोकाइदो या राजमार्गावरील त्रेपन्न मुक्कामांची एक चित्रमाला काढिली. तींत प्रत्येक मुक्कामाच्या देखाव्यापुढें एकेक नट त्या स्थळास साजेशा भूमिकेंत उभा केला आहे. ती अतिशय खपली. परंतु त्या भूमिका त्या त्या नटांनीं केल्याच होत्या असें नाहीं. मृत नटहि त्यांत आहेत. अमका नट अमक्या भूमिकेंत कसा शोभेल, या प्रेक्षकांच्या आवडीच्या तर्काचें तें चित्रण आहे.

नटाच्या मृत्यूनंतर निघणाऱ्या 'शिनि-ए' नांवाच्या मृत्युचित्रांविषयींहि असेंच सावध राहिलें पाहिजे. १८५४ च्या आठव्या महिन्यांत आठव्या दांजूरोनें ओसाका येथें, जपानी गणनेनें बत्तिसाव्या वर्षीं, आत्महत्या केली, तेव्हां शंभराहून अधिक निरनिराळीं मृत्युचित्रें निघालीं. घाईमुळें अशा चित्रांत तपशिलाच्या चुका राहिल्या आहेत, व बहुतेकांवर तपासणीचा शिक्काहि नाहीं. मृत्यूच्या तपशिलास तीं दुबळा पुरावा होत. पण लोकांचें त्या नटावर प्रेम किती होतें, यास त्यांहून सबळ पुरावा कोणता?

एक इशारा

काबुकींतील रंगविलेल्या मुखांवर तांबड्या रेषा पराक्रम व न्याय्य क्रोध दाखवितात, निळ्या दुष्टता दाखवितात. नाट्यशास्त्रांत रौद्राचा वर्ण रक्त व बीभत्साचा नील सांगितला आहे, हें आमच्या लगेच मनांत आलें व क्षणभर मोहहि पडला. परंतु क्रोधानें मुख लाल होतें हें पाहण्यास कोणत्याहि देशास दुसऱ्याचा ग्रंथ लागत नाहीं. परंपरेचा दुवा दाखविणारा लेख हातीं नसतां केवळ साम्यावरून उसनवारी सिद्ध करूं नये.

निष्कर्ष

मग या चित्रांची साक्ष कशाची? घडलेल्या घटनेची नव्हे, व पुष्कळदां झालेल्या प्रयोगाचीहि नव्हे. नटाची मुद्रा, वेष, उभें राहण्याची ढब, रंगभूमीची मांडणी, लोकांची आवड आणि सरकारचा धाक, यांची ती समकालीन साक्ष आहे. व प्रयोगाबरोबर नाहीशा होणाऱ्या नाट्यकलेविषयीं इतकी विपुल साक्ष फार थोड्या देशांत उरली आहे. तोकियो येथील वासेदा विद्यापीठाच्या १९२८ सालीं स्थापन झालेल्या नाट्यसंग्रहालयांत अशीं चाळीस हजारांहून अधिक चित्रें आहेत. इहारा तोशिरो यांनीं जुळविलेल्या काबुकीच्या वर्षानुक्रमाशीं तीं ताडून पाहतां येतात. चित्र व कागद एकमेकांस तपासतात, तेव्हांच दोघांची किंमत वाढते.

आम्हीं त्या विद्यार्थ्यास उत्तर लिहिलें. चित्राच्या मागें आमच्याच अक्षरांत पूर्वीं 'सत्तेचाळीस वीरांचा पुढारी, १७०३' असें लिहिलेलें होतें. तें खोडून त्याखालीं लिहिलें: 'ओबोशी युरानोसुके या नाट्यपात्राच्या वेषांतील नट, चित्रकार कुनिसादा, सही तोयोकुनी, एदो, १८५२, अधिक दुसरा महिना.' जुनी ओळ पुसून न टाकितां वाचतां येईल अशीच ठेविली आहे. ज्या मुलांनीं ती आमच्या मुखांतून ऐकिली, त्यांतील कोणी हा लेख वाचील, तर त्यानें ही दुरुस्ती आपल्याहि वहींत करून घ्यावी, एवढीच विनंति. इत्यलम्.